बाई म्हणते जबरदस्ती, कागद म्हणतो राजीखुशी: आदिवासी बायकांच्या नसबंदीची नोंद कशी घ्यायची

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, पालघर, नाहीतर तिकडे छत्तीसगडच्या बाजूला जी पोरंपोरी काम करतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुम्ही पाड्यावर जाता रेशनच्या नाहीतर वनहक्काच्या कामाला, आणि बोलता बोलता एखादी बाई सांगून जाते की माझं ऑपरेशन मला न विचारता केलं, किंवा सिझरच्या वेळीच उरकून टाकलं, किंवा मला तर तांबी बसवतो म्हणाले होते. आता पुढे काय करायचं ते माहीत नसतं, मग एकतर लगेच मोबाईल काढून व्हिडिओ सुरू होतो नाहीतर "अरेरे" म्हणून विषय सोडला जातो. दोन्ही करू नका.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यातूनच येतं. तुम्ही दवाखान्यातून कागद काढलात तर त्यावर बाईचा अंगठा असणारच, जवळजवळ नेहमी असतो. त्यामुळे संमती होती की नव्हती यावर वाद घालत बसलात तर पहिल्याच फेरीत हराल. अंगठा कधी घेतला, गुंगीच्या सुईच्या आधी की नंतर, कागद कोणत्या भाषेत होता, शेजारी कोण उभं होतं, त्या दिवशी गाडी कुणी पाठवली होती, हे सगळं कागदावर कधीच येत नाही आणि ते फक्त त्या बाईलाच ठाऊक असतं. आपलं काम तेवढंच, पण ते नीट करायचं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये तिथल्या सरकारी ऑडिट खात्याने आदिवासींसाठीच्या इंडियन हेल्थ सर्व्हिसची तपासणी केली, बारापैकी फक्त चार विभागांची, तरी १९७३ ते ७६ या काळातल्या ३,४०६ नसबंद्या निघाल्या आणि त्यात २१ वर्षांखालच्या ३६ जणी होत्या, ज्यांची नसबंदी करायला तेव्हा मनाईच होती. पण या तपासणीत एकाही बाईला भेटून विचारलं नाही, नुसत्या फायली बघितल्या, म्हणून फॉर्म सदोष आहेत एवढंच त्यांना म्हणता आलं, जबरदस्ती झाली का यावर अहवाल गप्प. ती बाजू आली ती कॉनी पिंकर्टन-उरी नावाच्या आदिवासी डॉक्टरबाईंमुळे, त्यांच्याकडे एक तरुण बाई गर्भाशय परत बसवून मिळेल का विचारायला आली होती आणि तिथून त्या बायकांशी बोलत गेल्या. याच्या उलट कॅनडातलं सास्काटून बघा, तिथे २०१७ मध्ये वकील यव्होन बॉयर आणि डॉक्टर ज्युडिथ बार्टलेट यांनी फक्त सात आदिवासी बायकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि आरोग्य खात्याला जाहीर माफी मागावी लागली. सात! म्हणून शंभर जणींचे फॉर्म भरून आणण्याच्या मागे लागू नका.

आपल्या देशातलं थोडं माहीत असू द्या, कारण समोरचा अधिकारी पहिल्यांदा हेच म्हणेल की आता टार्गेट वगैरे काही नसतं हो. कागदावर खरंच नसतं, १९९६ मध्येच काढून टाकलं. नंतर 'अपेक्षित साध्य पातळी' असं गोंडस नाव आलं आणि खाली आशाताईपर्यंत पोचेपर्यंत त्याचं परत "मार्चच्या आत इतक्या केसेस पाहिजेत" असंच होतं. ७ जानेवारी २०१२ ला बिहारात अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं एकाच सर्जनने केली, त्यावरून आरोग्य हक्कांच्या कार्यकर्त्या देविका बिस्वास सुप्रीम कोर्टात गेल्या. तो खटला चालू असतानाच नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूर जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरांनंतर १३ बायका मेल्या, सकरीच्या एका शिबिरात एका दिवसात ८३ ऑपरेशनं झाली होती. मेलेल्यांमध्ये एक बैगा या आदिवासी समाजाची होती, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) बैगांची नसबंदी करायची नाही असा मध्य प्रदेश सरकारचा १९७९ चा आदेश (छत्तीसगड तेव्हा त्यातच होतं) २०१४ मध्येही लागू होता. त्या आदेशामुळे ज्या बैगा बायकांना स्वतःहून ऑपरेशन पाहिजे होतं त्यांना दवाखान्यातून हाकललं जायचं, खोटी जात सांगून करून घ्यावं लागायचं. त्या समाजातलेच लोक कोर्टात गेले आणि छत्तीसगड हायकोर्टाने २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला.

हे बैगांचं मुद्दाम सांगितलं. तुम्ही पाड्यावर जाल तेव्हा "नसबंदी म्हणजे अन्याय" हे डोक्यात घेऊन जाऊ नका. कित्येक बायकांनी स्वतः ठरवून ऑपरेशन केलेलं असतं, सासूशी भांडून केलेलं असतं, आणि त्या खूश असतात. काहींना ऑपरेशन पाहिजेच होतं, पण जमिनीवर झोपवलं, दोन तासांत टेम्पोतून घरी पाठवलं, टाके पिकले, ही त्यांची तक्रार. ती जबरदस्ती नाही, हलगर्जी आहे, आणि तीही तितकीच नोंदवण्यासारखी आहे पण तिच्याच नावाने. सगळ्यांना एकाच खात्यात टाकलंत तर खरी जबरदस्ती झालेल्या बाईची केस पातळ होते.

जायच्या आधी

झेंडे लावलेली गाडी घेऊन जाऊ नका. त्या पाड्यातल्या एखाद्या बाईमार्फत जा, जिच्यावर बाकीच्या बायका विश्वास ठेवतात, बचत गटातली असेल, सुईण असेल. ग्रामसभेला काय कामासाठी फिरताय ते मोघम सांगून ठेवा, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे हक्क देणारा कायदा) लागू असलेल्या गावात तर सांगायलाच पाहिजे, पण कुठल्या बाईकडे जाताय ते सांगायचं नाही, आणि ग्रामसभेने हो म्हटलं म्हणजे त्या बाईने हो म्हटलं असं धरायचं नाही.

दुभाषी हा सगळ्यात नाजूक भाग. माडिया, कोरकू, पावरी, वारली, जी भाषा असेल ती येणारी बाईच पाहिजे, पुरुष नको. नवरा, दीर, सासू यांच्यापैकी कोणी नको. आणि त्याच पाड्याची आशा तर अजिबातच नको, कारण बऱ्याचदा तिनेच केस नेलेली असते. पण म्हणून आशाताईला खलनायिका करू नका बरं का, ती स्वतः त्याच समाजातली, तिला प्रत्येक केसमागे थोडे पैसे, आणि केस नाही आणल्या तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणी. तिच्याशी वेगळं बोला, नाव न लिहिता. मीटिंगमध्ये कुणी काय आकडा सांगितला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय मेसेज आला, हे तिच्याकडूनच कळतं आणि टार्गेटचा पुरावा म्हणून याच्याइतकं वजनदार दुसरं काही नसतं. तिची नोकरी जाणार नाही याची काळजी मात्र तुमच्यावर.

आपणही अंगठाच मागतो

जिच्याकडून न समजावता अंगठा घेतला तिच्यासमोर आपण छापील संमतीपत्र आणि शाईचं पॅड घेऊन बसलो तर तिला काय वाटेल याचा विचार करा. अंगठा नकोच. तोंडी संमती घ्या आणि तुकड्या तुकड्याने घ्या: मी ऐकू का, मी लिहून घेऊ का, आवाज रेकॉर्ड करू का, वकिलाला दाखवू का, पेपरात आलं तर चालेल का, नाव चालेल का. यातल्या प्रत्येकाला वेगळं हो किंवा नाही. बऱ्याच जणी पहिल्या दोनला हो म्हणतात आणि तिथेच थांबतात, तर आपणही तिथेच थांबायचं. पुढच्या वेळी गेलात की परत विचारा, कारण मधल्या काळात घरात काहीतरी झालेलं असू शकतं. आणि यातून पैसे मिळतील, डॉक्टरला जेल होईल, असलं काही चुकूनही बोलू नका. "काय होईल ते माहीत नाही, पण तुझं म्हणणं नीट लिहून ठेवू" एवढंच खरं आहे.

आधी तब्येत, मग वही

समोर बसलेली बाई आत्ता आजारी आहे का हे आधी बघा. ऑपरेशन नुकतंच झालंय आणि ताप, पोट फुगणं, टाक्यातून पू, वास येणारं पाणी जाणं यातलं काही असेल तर मुलाखत बंद, १०८ ला फोन. दुसरं म्हणजे ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि पोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर ऑपरेशनला वर्षं झाली असली तरी थांबू नका. नसबंदी फसून दिवस राहिले तर गर्भ नळीतच अडकायची शक्यता जास्त असते, नळी फुटली की आतल्या आत रक्तस्राव होऊन बाई जाऊ शकते. "तिचं ऑपरेशन झालंय म्हणजे दिवस कसे राहतील" असं म्हणून पीएचसीतूनसुद्धा (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) परत पाठवतात, तेव्हा तुम्ही सोबत असलात तर फरक पडतो.

आणि नक्की कसलं ऑपरेशन झालं ते समजून घ्या. नळ्या बांधल्या की पिशवी काढली? पाळी येते का, एवढ्या एका प्रश्नाने बरंच कळतं. पिशवी काढण्याचा प्रकार आपल्याकडे बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या बाबतीत २०१९ मध्ये मोठा गाजला, सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात सक्तीचा अंगठा नव्हता, कॅन्सर होईल अशी भीती घातलेली होती आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम दंड लावणार हा हिशोब होता. असा दबावही लिहायचाच. काही बायकांना तर आपल्यावर नेमकं काय झालं तेच माहीत नसतं, सिझरनंतर मूल राहिलं नाही एवढंच. साध्या सोनोग्राफीत नळ्या बांधल्यात का ते दिसत नाही, पिशवी आणि अंडाशय आहेत की नाहीत ते दिसतं. नळ्या बघायला आत औषध घालून एक्स-रे काढतात, तो दुखतो, त्यामुळे केवळ आपल्याला पुरावा पाहिजे म्हणून तो करायला लावू नका. तिला स्वतःला जाणून घ्यायचं असेल तरच.

विचारायचं कसं

"तुमच्यावर जबरदस्ती झाली का" असा प्रश्न विचारला की हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं, आणि दोन्हीचा उपयोग नाही. "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा ना" इथून सुरू करा आणि गप्प बसा. मध्ये शांतता आली तर येऊ द्या. "मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही, तो तिला घरच्यांनी शंभर वेळा विचारलेला असतो.

तारखा तिला आठवणार नाहीत, त्यासाठी हट्ट नको. होळीच्या आधी की नंतर, मोहफुलं चालू होती का, तेंदूपत्त्याचं काम लागलं होतं का, पोळा झाला होता का, धाकटा तेव्हा रांगत होता की चालत होता, यावरून महिना लागतो. वर्ष कळायला सरपंचाची निवडणूक, मोठा पूर, पाड्यावर वीज आली ते साल, काहीही चालतं. आधार कार्डवरच्या जन्मतारखेवर विसंबू नका, निम्म्या पाड्याचा वाढदिवस एक जानेवारीला असतो. आश्रमशाळेत गेलेली असेल तर तिथला दाखला बघा.

वयावर एवढा जोर का, तर सरकारच्याच नियमात बाई २२ वर्षांच्या वरची आणि ४९ च्या आतली पाहिजे, लग्न झालेली पाहिजे, आणि वर्षाच्या वरचं निदान एक मूल पाहिजे. बाई विशीतली निघाली किंवा एकुलतं बाळ चार महिन्यांचं निघालं तर बाकी काही सिद्ध करायच्या आधीच नियम मोडलेला दिसतो. गुंगीत असताना संमती घ्यायची नाही, हेही त्याच नियमात आहे. नवऱ्याची सही लागत नाही, ही गोष्टसुद्धा लक्षात ठेवा, कारण "नवऱ्याने सही केली होती" असं उत्तर हमखास मिळतं, आणि ते उत्तर म्हणजे उलट त्यांच्याच विरोधातला पुरावा. देविका बिस्वास खटल्यात सुप्रीम कोर्टाने १४ सप्टेंबर २०१६ ला सांगितलंय की बाईला समजेल अशा भाषेत सगळं समजावायचं, आणि समजावल्यावर तिला साधारण तासभर वेळ द्यायचा, मन बदलायचं असेल तर बदलता यावं म्हणून. म्हणून कुणी समजावलं, कोणत्या भाषेत, आणि त्यानंतर टेबलावर घेईपर्यंत किती वेळ गेला, हे जरूर विचारा. तिला मिनिटं सांगता येणार नाहीत पण "बसले न बसले तोच नाव पुकारलं" हे ती सांगेल.

दबावाचे प्रकार ऐकायला कान उघडे ठेवा. घरकुलाच्या यादीतून नाव जाईल, रेशन बंद होईल, पुढचं बाळंतपण दवाखान्यात घेणार नाही, नवरा निवडणुकीला उभा राहायचाय. शेवटचं ऐकून हसू नका, आपल्या राज्यात तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, २००१ पासून हा नियम आहे आणि त्याचा भार येतो तो बाईच्या पोटावरच.

लिहायचं कसं त्याचा एक नमुना देते, यातलं सगळं मी रचलेलं आहे, कुणा एकीचं नाही. बहुतेक कार्यकर्ते असं लिहून आणतात: "सदर महिलेस कोणतीही माहिती न देता दबाव टाकून शस्त्रक्रिया करण्यात आली." हे वाक्य कुणाच्याही बाबतीत चालेल, म्हणजे कुणाच्याच बाबतीत चालणार नाही. त्याऐवजी असं:

"मोहफुलं संपत आली होती. सकाळी गाडी आली, आत आधीच चौघी बसलेल्या. नवरा जंगलात गेला होता. आशा म्हणाली चल लवकर, आज सहा पुऱ्या करायच्या. दवाखान्यात बाकड्यावर बसवलं, दंडात सुई दिली. डोकं जड झालं. मग एका माणसाने शाई आणली, माझा अंगठा धरून कागदावर टेकवला, तीन ठिकाणी. कागद वाचून दाखवला का? नाही. आता मूल होणार नाही असं कुणी बोललं? नाही, अंगात ताकद येईल म्हणाले."

यात डॉक्टरवर एकही आरोप नाहीये, तरी तीन-चार नियम मोडलेले कुठल्याही वकिलाला दिसतात. सुई आधी, अंगठा नंतर, हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. तिचे खास शब्द तिच्याच भाषेत, देवनागरीत जसे ऐकू येतील तसे लिहा आणि शेजारी मराठी द्या, नुसतं मराठी नको. तिला न आठवलेलं "आठवत नाही" असंच लिहा, आपल्या मनाने भरू नका. दोन भेटींत दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा तारखेसकट, खाडाखोड करून जुळवलेला जबाब कोर्टात पहिल्यांदा पकडला जातो. आणि शेवटी सगळं तिला तिच्या भाषेत वाचून दाखवा, त्यात ती हमखास दोन दुरुस्त्या सांगते.

कागद

तिच्या घरात काय सापडेल: माता-बाल संरक्षण कार्ड, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, नसबंदीचं प्रमाणपत्र दिलं असेल तर ते, औषधाची रिकामी पाकिटं, आणि बँकेचं पासबुक. पासबुक लोक विसरतात. ऑपरेशनचे पैसे खात्यावर जमा झाले असतील तर तिथे तारीख छापलेली असते, त्यावरून तेंदूपत्त्याच्या आधी की नंतर हा सगळा घोळ मिटतो. कागदांचे फोटो उजेडात, दोन्ही बाजूंनी घ्या आणि मूळ कागद जागेवर तिच्याच ट्रंकेत परत. मूळ कागद तुम्ही नेऊ नका, साहेबालाही देऊ नका.

दवाखान्यात काय असतं: संमतीपत्र, तपासणीची चेकलिस्ट, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, शिबिराची यादी. तिच्या स्वतःच्या नावाने साध्या कागदावर अर्ज करा की माझ्या उपचाराची कागदपत्रं मला द्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती द्यायची असतात. पण हेही बघा की डॉक्टरवर रेकॉर्ड सांभाळायचं बंधन तीनच वर्षांचं आहे, त्यामुळे ताजी केस असेल तर उशीर करू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणाले तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

माहिती अधिकार वेगळ्या कामाला वापरा. कुठल्याही बाईचं नाव न घेता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे मागा: अमुक वर्षात शिबिरं कुठे, कोणत्या तारखांना झाली, त्या प्रत्येक दिवशी किती ऑपरेशनं, सर्जन किती आणि कोण, तालुक्याला अपेक्षित आकडा किती दिला होता, गुंतागुंतीच्या आणि मृत्यूच्या घटना किती, जिल्हा गुणवत्ता समितीच्या बैठकांचे इतिवृत्त. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. एका सर्जनने दिवसाला तीसच्या वर ऑपरेशनं करायची नाहीत असा नियम आहे, त्यामुळे नुसत्या तारीखवार आकड्यांमध्येसुद्धा बरंच काही सापडतं आणि कुठल्याही बाईला पुढे यावं लागत नाही. आणि तिने सांगितलेल्या दिवशी शिबिर झाल्याचं सरकारच्याच उत्तरात आलं की तिचा जबाब एकदम उभा राहतो.

मोबाईलचं थोडक्यात: वहीत नाव लिहू नका, नंबर द्या, नंबर-नावाची यादी वेगळ्या ठिकाणी. चेहऱ्याचे फोटो नकोत. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद. फोटो आपोआप गुगलवर चढतात ते बंद करा. ग्रुपवर जबाब टाकायचा नाही, "फक्त आपल्या टीमचा ग्रुप आहे" तरीही नाही.

तक्रार कुठे, आणि करायचीच का

हे ती ठरवणार. तुम्ही फक्त दारं दाखवा आणि प्रत्येक दारामागे काय आहे ते खरं सांगा.

सरकारची कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजना आहे, पण ती मृत्यू, गुंतागुंत आणि ऑपरेशन फसणं यासाठीच, जबरदस्तीसाठी तिच्यात काहीच नाही. घटना घडल्यापासून ९० दिवसांत दावा करावा लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी बघा. योजनेतले मूळ आकडे असे होते: दवाखान्यात किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू आला तर दोन लाख, आठ ते तीस दिवसांत पन्नास हजार, ऑपरेशन फसलं तर तीस हजार, गुंतागुंतीच्या उपचाराला पंचवीस हजारांपर्यंत. २०१६ च्या निकालात कोर्टाने ही रक्कम दुप्पट करायला सांगितली, तेव्हा टेबलावरच्या बाबूने जुना आकडा सांगितला तर निकाल काढून दाखवा. फॉर्मवर अंगठा द्यायच्या आधी तो पूर्ण वाचून दाखवायला लावा, पैसे घेतले म्हणजे पुढे काही बोलायचं नाही अशा अर्थाचं काही त्यात आहे का ते वकिलाकडून बघून घ्या.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा कायद्यात अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील आहे, तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन १५१००. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेला एक वर्ष व्हायच्या आत. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग आहे, राज्य महिला आयोग आहे. पोलिसात जायचं असेल तर आधी वकील, मग ठाणं, कारण आदिवासी म्हणून मुद्दाम केलं असं दिसत असेल तर अॅट्रॉसिटीची कलमं लागतात का हे त्याने आधी बघायला हवं. संमतीच्या बाबतीत वकिलाला समीरा कोहली खटल्याची आठवण करून द्या, २००८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, एका तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे पिशवी काढायची संमती होत नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. "सिझरच्या कागदावर सही होती ना" याला हेच उत्तर.

मुदत उलटून गेलेल्या जुन्या केसचं काय? तरीही लिहा. पेरूमध्ये राष्ट्राध्यक्ष फुजिमोरीच्या काळात, १९९६ ते २०००, जवळपास २,७२,००० बायकांची आणि २२,००० पुरुषांची नसबंदी झाली, त्यात डोंगरातल्या क्वेचुआ बोलणाऱ्या आदिवासी बायका मोठ्या संख्येने. तिथे अंता भागात इलारिया सुपासारख्या शेतकरी बायकांनी आपल्याच गावांमधून जबाब गोळा करायला सुरुवात केली, वकील ज्युलिया तामायो यांनी ते देशासमोर आणलं. सरकारने पीडितांची अधिकृत नोंदवही उघडली ती २०१५ मध्ये, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क समितीने पेरूला दोषी धरलं ते २०२४ मध्ये. तोपर्यंत कित्येक जणी वारल्या. ज्यांचं म्हणणं वेळेत लिहून ठेवलं होतं त्यांचं म्हणणं तरी शिल्लक राहिलं.

सोबत राहणं म्हणजे काय

यावर फार लिहीत नाही, पण हेच काम सगळ्यात जास्त वेळ खातं. तिच्यासोबत सिव्हिलला जाणं, रोज बुडला त्याची सोय बघणं, परतीच्या एसटीपर्यंत थांबणं. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणायची भाषा केली असेल तर आधी ते भांडण, मग तुमची केस. घरातलं मूल ऑपरेशननंतर दगावलं असेल, आणि आपल्या पट्ट्यात हे होतं, तर त्या बाईचं दुःख कुठल्याही फॉर्ममध्ये बसत नाही. तिने विचारलं की परत मूल होईल का, तर खरं सांगा: नळ्या जोडायचं ऑपरेशन असतं, वय कमी असेल आणि नळीचा बराचसा भाग शिल्लक असेल तर जमू शकतं, खात्री नाही, मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरने तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पिशवी काढली असेल तर नाही. आणि अंडाशयही काढले असतील तर तिला हाडांची आणि लवकर पाळी गेल्याची दुखणी लागतील, त्यासाठी डॉक्टर गाठून द्या. झोप उडालीये, जीव नकोसा झालाय असं बोलली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, पण तिची भाषा बोलणारं पलीकडे कोणी असेलच असं नाही, म्हणून पाड्यातली एखादी मैत्रीण रोज तिच्याकडे जाऊन बसेल एवढं तरी जमवा. त्याच तालुक्यातल्या तशाच दोघी-तिघींची गाठ घालून दिली, अर्थात सगळ्यांना विचारून, तर ज्या गोष्टी तुम्हाला सहा महिन्यांत कळल्या नाहीत त्या त्यांच्यात एका दुपारी निघतात. तिथे वही काढू नका.

पत्रकार आला तर तो आधी तुमच्याशी बोलेल, तिच्याशी नाही. तिने नाही म्हटलं असेल तर नाही, कितीही मोठा चॅनल असो. हो म्हटलं असेल तर चेहरा, पाड्याचं नाव, नवऱ्याचं नाव, मुलाची शाळा, यातलं काहीही दिसता कामा नये. छोट्या तालुक्यात "एका २४ वर्षांच्या कोलाम महिलेने" एवढं छापलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं.

आणि तुम्ही नोकरी सोडून पुण्याला निघालात तर? फाईल तुमच्या लॅपटॉपमध्ये घेऊन जायची नाही. प्रत्येकीला जाऊन विचारा की तुझं म्हणणं आता कुणाकडे ठेवू, आणि ती म्हणाली पुसून टाक, तर तिच्यासमोर पुसा, फोनमधलं, मेमरी कार्डातलं, दोन्ही. वकिलाकडे एक प्रत दिली असेल तर तीही परत मागा, आणि तो टाळाटाळ करायला लागला तर लेखी मागा.